पडदा कुणाच्या हुकमतीत? टायलिंग विंडो मॅनेजरचा इतिहास

१/ संगणकाच्या पडद्यावर विंडो कुठे उघडावी, किती मोठी असावी, हे कोण ठरवते? माउसने विंडो ओढणे, एकीवर दुसरी ठेवणे हीच आज आपल्याला स्वाभाविक रीत वाटते. परंतु एके काळी दुसरी रीतही तितक्याच गांभीर्याने मांडली गेली होती. ती बाजारातून हद्दपार झाली आणि पुढे निराळ्याच वाटेने परतली. तिचीच ही कथा. #थ्रेड

२/ १९८१ साली झेरॉक्सने 'स्टार' हा संगणक बाजारात आणला. त्यात कागदपत्रांच्या विंडो एकमेकींना झाकत नसत. फरशीला फरशी लावावी तशा शेजारी-शेजारी बसत. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट विंडोज १.० ची रचनाही अशीच होती. या पद्धतीला 'टायलिंग' म्हणतात.

३/ दरम्यान जानेवारी १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला होता. टेबलावर कागद पसरावेत तशा त्याच्या विंडो एकीवर एक चढत. पडदा अवघा ९ इंची. त्याचे चार तुकडे केले तर एकाही तुकड्यात धड काम होणे कठीण. १९८७ मध्ये विंडोज २.० नेही हाच मार्ग धरला. बाजारापुरता निकाल लागला.

४/ टायलिंगला पुन्हा वाट मिळाली ती युनिक्सच्या जगात. १९८४ साली एमआयटीत 'एक्स विंडो सिस्टीम'चे काम सुरू झाले. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. पडद्यावर रेखाटण्याची साधने तिने पुरवली, पण विंडोंची मांडणी 'विंडो मॅनेजर' नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅमवर सोपवली. तो कुणीही लिहावा, कुणीही बदलावा.

५/ या मोकळिकीतून २००० च्या सुमारास 'आयन' आणि 'रॅटपॉयझन' हे टायलिंग मॅनेजर जन्मले. दुसऱ्याच्या नावाचा अर्थ 'उंदराचे विष'. उंदीर म्हणजे अर्थातच माउस! कीबोर्डवरचा हात न उचलता सारे काम व्हावे, हा आग्रह त्या नावातच होता.

६/ २००६ मध्ये अन्सेल्म गार्बे यांनी 'डीडब्ल्यूएम' प्रसिद्ध केला. मुख्य विंडो डावीकडे, बाकीच्या उजवीकडे एकाखाली एक. नवी विंडो उघडताच मांडणी आपोआप बदलते. सी भाषेतील हा संपूर्ण प्रोग्रॅम २००० ओळींच्या आत ठेवण्याचा निर्धार त्यामागे होता.

७/ त्याहून धाडसी निर्णय पुढचा. डीडब्ल्यूएमला वेगळी सेटिंग फाइल नाही. रंग, फॉन्ट, कळांच्या जोड्या, सारे 'कॉन्फिग डॉट एच' या सोर्स फाइलीत. बदल हवा असेल तर ती फाइल दुरुस्त करायची, 'मेक' ही आज्ञा देऊन प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. एक कंस विसरलात, तर कंपायलर तिथेच अडवतो. बांधणी आणि जुळवणी येथे एकच कृती ठरते.

८/ याची किंमतही होती. नवखा माणूस दारातूनच परतणार, आणि प्रकल्पाला त्याची खंत नव्हती. अनेकांना हे रुचले नाही. २००७ मध्ये ज्युलियाँ दांजू यांनी डीडब्ल्यूएमचाच कोड घेऊन 'ऑसम' उभा केला. २००९ मध्ये मिखाएल श्टापेलबर्ग यांचा 'आय-थ्री' आला: साधी मजकूर फाइल, कंपाइल करण्याची गरज नाही. कोड खुला होता, म्हणूनच मतभेदातून तक्रार नव्हे, नवा प्रोग्रॅम जन्मला.

९/ २००८ पासून एक्सची जागा घेण्यासाठी 'वेलँड' घडत आहे. त्यात पडद्याचा कारभार आणि विंडोंची मांडणी सहसा एकाच प्रोग्रॅमकडे असते. त्यामुळे नवा मॅनेजर लिहिणे अधिक अवघड. म्हणून आय-थ्रीच्या धर्तीवरील 'स्वे'च्या कर्त्यांनी 'डब्ल्यूएलरूट्स' ही सामायिक लायब्ररीही घडवली.

१०/ टायलिंग टिकली, कारण १९८० च्या दशकात काही अभियंत्यांनी मांडणीचा निर्णय आपल्या हाती ठेवला नाही. तो वापरणाऱ्याकडे राहावा, यासाठी आता प्रत्येक पिढीला थोडा कोड स्वतः लिहावा लागतो. (समाप्त)