राळे

मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीची, गोष्ट आजी तापापासून सुरू करायची नाही, विहिरीपासून करायची. 1918 साली पावसानं दगा दिला आणि त्यांच्या माणदेशातल्या गावात आश्विनातच विहिरीचा तळ दिसायला लागला. लढाईनं धान्याचे भाव आधीच चढलेले. तशात घरोघर माणसं आडवी झाली. आजीच्या घरात एकटी तिची आई उभी होती, आणि तिला आठवा महिना लागलेला. सासऱ्यांना पेज, दिराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या, जावेचं तान्हं कडेवर, आणि पाण्याची खेप तिचीच. "त्या दिवसांत आईला जेवताना मी बघितलीच नाही," आजी म्हणायची. आजी तेव्हा दहा वर्षांची होती.

मग आईलाही ताप भरला, आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सुईणीकडे माणूस धाडला, तर सुईण स्वतःच घोंगडी पांघरून पडलेली. शेजारची म्हातारी धावून आली. तिनं रीतीप्रमाणे दार लावलं, फटीत बोळे कोंबले, बाजेखाली शेगडी ठेवली. बाळंतिणीला वारा लागू नये ही तिची माया होती. पण जिला श्वास पुरत नव्हता, तिच्या वाट्याला धूर आला. मूल मेलेलंच जन्मलं. पहाटे आईही गेली.

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होऊन परत येते, म्हणून तिला नेताना वाटेवर राळे टाकत गेले. ते वेचत बसली की उजाडतं आणि तिला घरापर्यंत पोचता येत नाही, अशी समजूत. घरात मुलांच्या तोंडी घालायला दाणा नव्हता, आणि आजीनं ते पिवळे दाणे मातीत पडताना पाहिले. इथे ती नेहमी थांबायची. मेल्यावर तरी तिच्यासाठी मूठभर धान्य निघालं, असं ती एकदाच बोलली.

ही साथ मुंबईत जूनमध्येच आली होती. पावसाळा सरता सरता ती उलटली ती जीवघेणी होऊन. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात 768 माणसं दगावली. बायकांसाठीचं कामा रुग्णालय 1886 पासून त्याच शहरात होतं, पण माणच्या बाईला त्याचा काय उपयोग? सरकारी डॉक्टरांतलेही कितीतरी जण लढाईवर गेलेले. गावच्या दप्तरात पणजीच्या नावापुढे 'ताप' एवढंच लागलं, असं आजीचे चुलते सांगत. तिच्या पोटात मूल होतं, ती उपाशी होती, हे कुठं लिहायचं? 1911 च्या जनगणनेत देशात हजार पुरुषांमागे 964 स्त्रिया होत्या, 1921 च्या जनगणनेत 955 उरल्या. या घटीमागे एकटी मानमोडी नव्हती, पण तिचा वाटा त्यात होता. ते आकडे वाचताना मला ती बंद खोली दिसते.

शंभर वर्षांनी सुईणीची जागा आशाताईंनी घेतली होती, 108 वर गाडी बोलावता येत होती. तरी 2020 च्या टाळेबंदीत कळा येणाऱ्या बाईला आधी कोरोनाचा रिपोर्ट मागणारे दवाखाने आमच्या भागातही होते. मुंबईत नायर रुग्णालयानं मात्र कोरोना झालेल्या गरोदर बायांसाठी दारं उघडी ठेवली. तिथल्या नोंदीही नीट राहिल्या, म्हणून आपल्याला कळतं: पहिल्या लाटेत अशा 1143 बायांपैकी 8 दगावल्या, दुसऱ्या लाटेत 387 पैकी 22.

लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं, तेव्हा गरोदर बायांना त्यातून वगळलं होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत त्यांना घेतलंच नव्हतं, मग लस त्यांना चालेल की नाही हे सांगणार कोण? साऱ्या घराचं करून झाल्यावर आपलं बघायचं, हा पणजीच्या घरातला क्रम इथेही तसाच राहिला. याचा मला आजही संताप येतो. त्यांना लस घ्यायची परवानगी मिळाली 2 जुलैला. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती.