उज्जयिनीचे जलरक्षक

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाजवळच देवास गेट आहे. तेथील बसस्थानकावर माळव्यातील गावोगावच्या गाड्या येऊन लागतात. समजा, आषाढातल्या एखाद्या सकाळी तेथे एका गाडीच्या टपावरून माशांची टोपली उतरली. मध्य प्रदेशात १९७२ च्या नियमांप्रमाणे १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद हंगाम. या काळात नद्यांत मासे पकडण्यास बंदी असते, इतकेच नव्हे, तर त्यांची वाहतूक आणि विक्रीही वर्ज्य असते. मात्र नदीशी ज्यांचा संबंध नाही अशा लहान तळ्यांना सूट आहे. मग टोपलीतला रोहू क्षिप्रेतला की तळ्यातला, हे कोणी व कसे ठरवावे? कायदा किती जुना आहे यापेक्षा हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

कायदा तर फारच जुना आहे. कौटिल्याने कोळ्यांच्या पकडीचा सहावा हिस्सा राजाकडे लावून दिला आणि काही जातींचे मासे अवध्य ठरविले. सम्राट अशोक तरुणपणी याच उज्जयिनीत राजप्रतिनिधी होता, असे बौद्ध परंपरा सांगते. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या त्याच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत व विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. त्यातच ‘केवटभोग’ असा शब्द येतो. केवटभोग म्हणजे कोळ्यांची राखीव जलक्षेत्रे. तेथेही त्या दिवशी जीवहत्या वर्ज्य होती. केवट हे नाव मध्य प्रदेशातील नद्यांच्या काठी अजून कानी पडते.

आज्ञा पाळली जाते की नाही, हे पाहणाऱ्यांचे काय? धौलीच्या शिलालेखात अशोक सांगतो की, उज्जयिनीहून राजकुमाराने दर तीन वर्षांच्या आत अधिकारी दौऱ्यावर पाठवावेत. ते मासे मोजण्यासाठी नव्हते, हे खरे. प्रजेला विनाकारण कैद वा जाच होऊ नये, यासाठी ते होते. राखणदारांवरही राखण हवी, हे त्या राजाने ओळखले होते.

इंग्रजी अमलात फ्रान्सिस डे या लष्करी वैद्याने देशभरच्या नद्या पाहून १८७३ साली अहवाल दिला. बारीक आसांची जाळी आणि पाण्यात कालवलेले विष यांनी पिल्लांचा कसा संहार होतो, हे त्याने दाखविले. कायदा व्हायला मात्र १८९७ साल उजाडले. त्या कायद्याने सुरुंग व विष यांना बंदी केली. दंड दोनशे रुपये किंवा दोन महिन्यांची कैद. उज्जैन त्या वेळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा येथे आपोआप लागू होत नव्हता. शिवाय ज्याने हे सारे पाहायचे तो बहुधा पोलीस शिपाई. त्याला चोर ओळखता येई; कटला आणि मृगळ यांतील भेद त्याला कोण शिकविणार?

ती उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न १९६१ साली मुंबईत झाला. ६ जून रोजी केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था तेथे उभी राहिली, आणि राज्याराज्यांचे मत्स्याधिकारी तेथे शिकू लागले. पुढे नर्मदेच्या खोऱ्यात, पवारखेडा येथे, तिचे एक केंद्र झाले. अशा शिक्षणात काय मिळते, हे त्या टोपलीवरूनच पाहू. तळ्यात बीज सोडून वाढविलेले मासे बहुधा एका वयाचे, एका मापाचे. नदीची पकड लहानमोठी, नाना जातींची. सुरुंगाने मारलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटलेली व कणा मोडलेला सापडतो. मादीचे पोट अंड्यांनी तटतटले असेल, तर एका टोपलीबरोबर लक्षावधी पिल्ले गेली असे समजावे, कारण रोहू, कटला, मृगळ पावसाच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात.

क्षिप्रेचे पाणी चंबळेला मिळते आणि चंबळेवर १९६० साली गांधीसागर धरण बांधले गेले. त्याचा जलविस्तार सुमारे ६६० चौरस किलोमीटर. एवढ्या पाण्यावर रात्रीच्या अंधारात जाळी कोण टाकतो, हे किती पहारेकरी पाहू शकतील? सहकारी संस्थेतला परवानाधारक कोळीच तेथे खरा पहारेकरी ठरतो. चोरटी पकड प्रथम त्याच्याच पोटावर येते. परंतु या दोन महिन्यांत त्याचीही चूल बंद असते. त्याच्यासाठी बचत व साहाय्य योजना आहे. तो वर्षभर थोडे साठवतो आणि सरकार त्यात भर घालते. म्हणून देवास गेटवर टोपली अडविणाऱ्या अधिकाऱ्याला या योजनेचा अर्जही भरून देता आला पाहिजे. दंडाची पावती फाडणे त्याला बहुधा आधीपासूनच येत असते.