महाविद्यालयीन बेसबॉल : प्रशिक्षक नेमके काय पाहतात?

क्रीडा प्रतिनिधी

अमेरिकेतील शालेय बेसबॉलच्या सामन्यांना होमप्लेटमागच्या जाळीपाशी काही माणसे स्टॉपवॉच आणि वेग मोजणारी रडार गन घेऊन बसलेली दिसतात. धावफलकाकडे त्यांचे फारसे लक्ष नसते. महाविद्यालयांचे हे प्रशिक्षक आपल्या संघातून उद्या खेळू शकेल असा मुलगा शोधत असतात. आपल्याकडे क्रिकेटपटूची वाट शालेय स्पर्धा, क्लब आणि वयोगटांचे राज्य संघ यांतून जाते. अमेरिकेत बेसबॉलपटूच्या वाटेवर महाविद्यालय हा मोठा टप्पा असतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या खेळाडूला तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत सहसा व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेत उतरता येत नाही. त्यामुळे १७व्या वर्षी घेतलेला हा निर्णय त्याचे पुढचे आयुष्य ठरवणारा असतो.

पाच गुणांची कसोटी

बेसबॉलमध्ये खेळाडूची पारख पाच गुणांवर होते : सातत्याने चेंडू टोलवणे, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि खांद्याची ताकद. पाचही गुण एकाच मुलात क्वचितच आढळतात. म्हणून दोन किंवा तीन गुण ठळक असणाऱ्यांकडे प्रशिक्षकांचे लक्ष जाते.

यातील बऱ्याच गोष्टी आकड्यांत मोजता येतात. ६० यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर अंतर सात सेकंदांच्या आत कापणारा मुलगा वेगवान समजला जातो. वरच्या श्रेणीतील महाविद्यालये पिचरकडून साधारणपणे ताशी ९० मैलांच्या, म्हणजे १४५ किलोमीटरच्या आसपास वेगाची अपेक्षा ठेवतात. कॅचरच्या हातात चेंडू आल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ दोन सेकंदांच्या जवळपास असावा लागतो. हे अंतर सुमारे ३९ मीटर आहे.

खेळाडू कोणत्या जागी खेळतो, यालाही महत्त्व असते. शॉर्टस्टॉप किंवा सेंटरफिल्डला खेळणारा चपळ मुलगा पुढे दुसऱ्या जागीही उपयोगी पडतो. पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून गाजलेला बस्टर पोसी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शॉर्टस्टॉप म्हणून आला आणि तेथेच कॅचर झाला.

आकड्यांपलीकडे

आकड्यांमुळे प्रशिक्षकाची नजर वळते. निवड मात्र त्यावरच होत नाही. उत्तम बॅटरही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो, असा हा खेळ आहे. त्यामुळे बाद झाल्यावर मुलगा हेल्मेट आपटतो की शांतपणे परततो, सोपा झेल उडणार हे दिसत असतानाही पहिल्या बेसकडे जीव तोडून धावतो का, सहकाऱ्याच्या चुकीनंतर त्याची मुद्रा कशी असते, हे सारे टिपले जाते. आई-वडिलांशी तो कसा बोलतो, याकडेही अनेक प्रशिक्षक लक्ष देतात.

शरीरयष्टी पाहताना आजच्या उंचीइतकाच उद्याच्या वाढीचा अंदाज बांधला जातो. तरीही उंची म्हणजे सर्वस्व नव्हे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातून पुढे आलेला डस्टिन पेड्रोइया जेमतेम ५ फूट ९ इंचांचा होता. २००८ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गुणपत्रिकेचे वजन

महाविद्यालयीन क्रीडा क्षेत्राचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’च्या पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी १६ मूलभूत विषयांत चारपैकी किमान २.३ गुणांची सरासरी लागते. मात्र, अभ्यासाचे महत्त्व या अटीपुरते नाही. या श्रेणीतील बेसबॉल संघाला अनेक वर्षे केवळ ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि ती रक्कम २७ खेळाडूंपर्यंत वाटली जात असे. पूर्ण शिष्यवृत्ती मिळणारे मोजकेच असत. तिसऱ्या श्रेणीत तर क्रीडा शिष्यवृत्तीच नाही. चांगले गुण असणाऱ्या मुलाला शैक्षणिक मदत मिळू शकते आणि क्रीडा विभागाचे पैसे वाचतात. दोन खेळाडू तुल्यबळ असतील, तर गुणपत्रिका निर्णायक ठरू शकते.

जागा कमी, स्पर्धा मोठी

२०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर चित्र बदलले आहे. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवर शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा उरलेली नाही. पण संघात ३४ खेळाडूच ठेवता येतात. शिवाय आता एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाणे सोपे झाल्याने प्रशिक्षकांना २०-२१ वर्षांचे अनुभवी खेळाडू आयते मिळतात. शाळेतून येणाऱ्या मुलाची स्पर्धा आता त्यांच्याशीही आहे.

पालकांनी काय करावे?

पहिल्या श्रेणीचे प्रशिक्षक अकरावीचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपर्यंत खेळाडूशी निवडीबाबत संपर्क साधू शकत नाहीत. खेळाडूने मात्र त्याआधी पत्र लिहायला हरकत नसते. पत्रासोबत छोटी चित्रफीत, मोजलेले आकडे आणि गुणपत्रिका असावी. पत्र मुलाने स्वतः लिहावे, पालकांनी नव्हे. महागड्या निवड शिबिरांवर पैसे घालण्यापूर्वी आपला मुलगा कोणत्या श्रेणीत खेळू शकेल, हे त्याच्या शालेय प्रशिक्षकाला स्पष्ट विचारावे. मोठ्या विद्यापीठाच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा लहान महाविद्यालयात किंवा दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात रोज मैदानावर उतरणे अनेकदा हिताचे ठरते. शेवटी, खेळ थांबल्यावरही त्या महाविद्यालयात शिकायला आवडेल का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तरच होकार द्यावा.