चितारआळी : एका नावाचा इतिहास

सावंतवाडीची ख्याती लाकडी फळे, भातुकली व रंगीत पाट यांमुळे सर्वत्र पसरली आहे. हे काम करणाऱ्यांची जुनी वस्ती मात्र 'चितारआळी' या नावाने ओळखली जाते. लाकूड कातणाऱ्यास मराठीत 'कातारी' हा शब्द असता येथे 'चितारी', म्हणजे मूळचा संस्कृत 'चित्रकार', हे नाव का रूढ व्हावे?

याचे उत्तर गंजिफांच्या इतिहासात शोधावे लागते. तिसरे खेमसावंत (१७५५–१८०३) यांच्या काळी हा खेळ संस्थानात आला, अशी परंपरा आहे. दशावतारी गंजिफांच्या १२० गोल पानांवर चित्रे काढणे हे चिताऱ्यांचे काम होय. पुढे छापील पत्ते आले व ही पाने दुर्मीळ झाली. कुंचला मात्र लाकडावर चालत राहिला. १९७१ साली शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा सुरू केली, ती एका वृद्ध चिताऱ्याकडून शिकून. तेव्हा पुनरुज्जीवनाचे श्रेय केवळ वाड्यास देणे हे अर्धसत्य ठरते. आश्रय वाड्याचा, विद्या आळीची.

२०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन लाभले. मानांकन वस्तूस मिळते. हात तयार होतो तो घरात, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून. ही बैठक मोडली, तर 'चितारी' हा शब्द केवळ आडनाव म्हणून उरेल.