मुंबईचा प्लेग, एडिनबरोचं गणित

करोनाच्या दिवसांत ‘हर्ड इम्युनिटी’ हा शब्द इथे परदेशातही आपल्या घराघरांत बोलला गेला. त्यामागच्या गणिताचा पाया ज्या निबंधाने घातला, त्यात पडताळणीसाठी घेतलेली साथ आपल्या मुंबईची होती, हे मला तेव्हाच कळलं.

निबंध १९२७ सालचा, लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेला. लेखक दोघे. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, शिमल्याजवळच्या कसौलीत पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक होते. १९२० साली ते एडिनबरोला परतले. दुसरे विल्यम केरमॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. म्हणजे मुंबईचा तो आलेख त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नाही.

त्यांनी माणसांचे तीन गट केले: रोग होऊ शकेल असे, रोग झालेले, आणि साथीतून बाहेर पडलेले. प्रश्न जुनाच होता, साथ ओसरते का? रोग होण्याजोगी माणसं संपली म्हणून, की जंतूचा जोर कमी झाला म्हणून? दोन्ही गरजेचं नाही, असं गणित म्हणालं. रोग होऊ शकेल अशांची संख्या एका मर्यादेखाली गेली की एक रोगी सरासरी एकालाही रोग देऊ शकत नाही. साथ विझते आणि बरेच जण अस्पर्श राहतात. लसीकरण सगळ्यांचं झालं नाही तरी साथ थोपवता येते, ती याच न्यायाने.

मुंबईत प्लेग १८९६ साली मांडवीत दिसला आणि वर्षानुवर्षं परतत राहिला. निबंधात डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले दर आठवड्याचे मृत्यू आहेत. एप्रिलच्या शिखरावर आठवड्याला सुमारे नऊशे. सूत्राची वक्ररेषा त्या ठिपक्यांवर छान बसते. जरा जास्तच छान! प्लेग माणसाकडे येतो तो उंदरांच्या पिसवांमधून, आणि दरवर्षी उन्हाळा तापला की तो ओसरायचाच. उंदरांची अडचण लेखकांनी स्वतःच कबूल केली होती. ऋतूचा आक्षेप पुढच्या अभ्यासकांनी घेतला. थोडक्यात, सिद्धांत टिकला, उदाहरण मात्र लंगडं निघालं.

मला खटकतो तो तिसरा गट. बरा होऊन प्रतिकारशक्ती मिळवलेला आणि मेलेला, दोघे समीकरणात एकच, कारण दोघेही आता रोग पसरवत नाहीत. मुंबईच्या त्या साथीत नोंदलेल्या रोग्यांपैकी ८० ते ९० टक्के दगावले होते.