खडखडाटाची चिकित्सा

बैलगाडीच्या साट्याखाली वंगणाचा नळा लोंबत असे, आणि आसाची कुरकुर वाढली की गाडीवान खाली उतरून एरंडेलात कालवलेली राख आसाला चोपडी. त्यापलीकडे गाडीच्या आवाजाबद्दल कोणाची फिर्याद नसे. रस्त्याचा प्रत्येक धोंडा लोखंडी धावेतून आऱ्यांत, आऱ्यांतून तुंब्यात आणि तुंब्यातून थेट बसणाऱ्याच्या मणक्यात पोचे, व या वाटेवर सैल होण्याजोगे दुवे इतके थोडे होते की आवाजाचे निदान हे एखादे स्वतंत्र कसब होण्याचे कारणच नव्हते. ती तक्रार कमानीबरोबर जन्मास आली.

लंडनच्या ओबदाया एलियट नावाच्या बग्गीकाराने १८०४ साली लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट मिळवले आणि घोडागाडीचा सांगाडा रस्त्यापासून जणू विलग केला. आपल्याकडे सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे चाकाच्या वाहनाची सरळ रहदारी होण्यासाठी १८३० पर्यंत, म्हणजे बोरघाटाचा रस्ता मुंबईचा गव्हर्नर माल्कमसाहेब याच्या अमदानीत खुला होईपर्यंत, थांबावे लागले; मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या त्या कमानीच्याच वंशातल्या. या कमानीचा एक स्वभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. तिच्यात पाट्यावर पाटा घासतो, आणि हे घर्षणच गाडीचे हेलकावे आवरते. अर्थात ज्या कारणाने ती करकरते त्याच कारणाने ती उपयोगी पडते, आणि तिला पुरती मूक करू पाहणारा मनुष्य तिचा एक गुणही हिरावून घेतो.

युरोप-अमेरिकेत पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. १९२२ च्या लान्सिया लाम्ब्दाने पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली, १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत मॉरिस ओली या अभियंत्याच्या आग्रहाने तीच व्यवस्था रूढ झाली, आणि धक्के आवरण्याचे काम पाट्यांच्या घर्षणाकडून तेलाने भरलेल्या शॉक अॅब्सॉर्बरकडे, आपल्या कारखान्यांतल्या भाषेत शॉकअपकडे, गेले.

आपल्या मिस्त्रींची खरी पाठशाळा मात्र कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यातून फियाट ११०० आणि १९७४ च्या सुमारास तिचेच नवे नाव धारण केलेली पद्मिनी बाहेर पडली. पुढे दुहेरी आर्म आणि गुंडाळीची स्प्रिंग, मागे जुने परिचित पाटे, अशी तिची रचना होती. ॲम्बॅसडरला पुढे स्प्रिंगच्या जागी पीळ खाणारा टॉर्शन बार असे, पण मागे पाटेच. या गाड्यांचा रोजमुरा म्हणजे ग्रीस. किंगपिनच्या निपलांवर ग्रीसगन लावायची, पाट्यांवर जळके ऑइल मारायचे आणि तरीही खडखड राहिली तर बुश व पिना बदलायच्या, हा दस्तूर हजारो टॅक्सींवर घोटला गेला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुदत संपून बंद झाली, तोवर त्या दस्तुराचे जाणकारही विरळ झाले होते.

कारण मध्यंतरी रबराचे राज्य आले होते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने स्प्रिंग व शॉकअप यांचा एकच खांब करून वरचा आर्म अजिबात काढून टाकला. १९५० च्या सुमारास ब्रिटिश फोर्डच्या गाड्यांत आलेली ही रचना डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर आपल्या मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. तिच्या सांध्यांतल्या रबरी बुशात धातूवर धातू फिरत नाही, रबरच पीळ खाते आणि सोडते, तेव्हा वंगणाचा प्रश्नच उरत नाही. उलट खनिज तेल लागले की रबर फुगते व पोचट होते. जुन्या पिढीतला प्रामाणिक मिस्त्री कुरकुर ऐकताच सवयीने तेल मारी आणि आठवडाभराच्या शांततेच्या मोबदल्यात बुशाचे आयुष्य खर्ची घाली, हा या इतिहासातला दुःखद भाग.

निदानाची विद्याही तेव्हापासून पालटली. लहान खड्ड्यांवरून सावकाश जाताना कोरडी कटकट आली तर पहिला संशय लिंक रॉडच्या सांध्यावर. ब्रेक दाबताच वा सोडताच एकच ठोका पडला तर लोअर आर्मच्या बुशावर. गाडी उभी असता स्टिअरिंग वळवताना टणत्कार झाला तर खांबाच्या माथ्यावरील माउंटिंग व त्यातील बेअरिंगवर. परंतु एकसंध पत्र्याच्या कायेतून ध्वनी फसवा प्रवास करतो. डावीकडचा ठोका उजवीकडे ऐकू येतो, आणि गाडी लिफ्टवर उचलून चाके अधांतरी लोंबत ठेवली की सांध्यावरचा भार बदलून दोष दडी मारतो. म्हणून जाणता मिस्त्री चाके जमिनीवर ठेवून एकाला स्टिअरिंग हलवायला लावतो आणि स्वतः खड्ड्यात उतरून प्रत्येक सांध्यावर नाडीपरीक्षेसारखी बोटे ठेवतो. किंवा दोन्ही लिंक रॉड सोडून गाडी जपून चारदोन वळणे फिरवून आणतो, आणि कटकट थांबली तर गुन्हेगार तिथेच सापडतो.

हे कसब हल्ली उणावले आहे, असे माझे मत. अनेक गाड्यांचा आर्म बुश व बॉल जॉइंटसकट अखंडच मिळतो, तेव्हा पुण्याच्या नाना पेठेतून नवा आणून बसवणे हे शोध घेण्यापेक्षा सुकर वाटते, आणि संशयावरून एकामागून एक भाग बदलत गेल्याचा भुर्दंड मालक सोसतो. त्यातही नवा बुश बसवताना गाडी लिफ्टवरच असेल आणि बोल्ट तेव्हाच करकचून आवळला असेल, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व मुदतीआधी फाटते. तेव्हा वाचकहो, दुरुस्तीचे बिल चुकते करण्यापूर्वी मिस्त्रीला एवढेच विचारा, की बोल्ट शेवटचा आवळला तेव्हा चाके जमिनीवर होती काय.