माहिती-तंत्रज्ञान धोरण, लघु व मध्यम उद्योगांतील

संगणक, सॉफ्टवेअर, व्यवहाराच्या नोंदी आणि त्यांची सुरक्षितता यांवर कशासाठी, केव्हा व किती खर्च करायचा, याचा उद्योगाने धंद्याच्या गरजेशी जोडून आधीच केलेला विचार. खरेदीची यादी म्हणजे धोरण नव्हे. कोणती नोंद कोणी ठेवायची, ती कोणाला दिसावी, काम किती वेळ बंद पडलेले परवडेल आणि उद्या सॉफ्टवेअर बदलले तर जुनी माहिती बाहेर कशी काढायची, हे त्यात ठरलेले असावे लागते.

भारतात १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग लघु, तर १२५ कोटी व ५०० कोटींपर्यंतचा मध्यम मानला जातो. एवढ्या मोठ्या पट्ट्यात सर्वांना लागू पडेल असा एकच नमुना संभवत नाही.

या उद्योगांत संगणक शिरला तो बहुतेक ठिकाणी हिशेबाच्या खोलीतून. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या कंपनीचे ‘टॅली’ हे सॉफ्टवेअर पुढे देशभर पसरले. नंतरचा रेटा कायद्याचा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. ई-बीजकाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद बंधनकारक झाली. परिणामी ‘आमचे सगळे कॉम्प्युटरवर आहे’ असे मालक सांगतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात बिले आणि कर असतात. स्टोअर, उत्पादन आणि रिजेक्शन मात्र वहीत, फळ्यावर किंवा सुपरवायझरच्या डोक्यात राहते. खर्च सक्तीच्या तारखेला होतो आणि नेमका तिथेच थांबतो.

धोरणाची किंमत कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातील फाउंड्रीसारख्या धंद्यात स्पष्ट दिसते. भट्टीतल्या प्रत्येक वितळणीला हीट नंबर दिला जातो. त्या रसाचे रासायनिक पृथक्करण, वाळूची तपासणी, साचे भरणारी पाळी आणि डिस्पॅचचे चलन या नोंदी त्या नंबराशी जोडलेल्या असतील, तर गिऱ्हाइकाकडे मशीनिंगमध्ये एखाद्या कास्टिंगला भोके निघाल्यावर त्याच हीटचा माल बाजूला काढता येतो. नोंदी सुट्या असतील तर सगळा लॉट अडकतो, फेरतपासणीचा खर्च बसतो आणि बिलही लटकते. हे जोडकाम करायला महागडी ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र जोडणारी संगणक-प्रणाली, लागतेच असे नाही. नीट आखलेल्या एक्सेलच्या पत्रकातूनही सुरुवात होते. ईआरपी घेऊन ती फक्त बिलांपुरती वापरणारे कारखाने पाहता, आधी नोंदींची आखणी आणि मग सॉफ्टवेअर हा क्रम उलटा झाल्यावर पैसा कुठे जातो हे कळते. नोंद भरणाऱ्या कामगाराला ती भरण्याचा काही उपयोग दिसला नाही, तर पाळी संपताना अंदाजे आकडे भरले जातात. अशी माहिती वहीपेक्षाही घातक, कारण ती छापील दिसते.

सुरक्षिततेच्या बाबतीत लहान उद्योगाचा दुबळा भाग म्हणजे बॅकअप. मूळ माहितीसह एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत जागेबाहेर, हा रूढ नियम आहे. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होऊ शकते, म्हणून किमान एक प्रत सर्व्हरपासून तोडलेली असावी आणि तिच्यातून माहिती परत उघडून पाहिलेली असावी. दुसरे पाऊल बहुतेक जण गाळतात. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. त्या वेळी फोन कोणी करायचा हे शोधत बसण्यात त्यातला बराच वेळ जातो.

कारखान्यांत आणखी एक अडचण असते. मोजमापाच्या किंवा सीएनसी यंत्राला जोडलेला संगणक जुन्या विंडोजवरच चालतो, कारण यंत्राचे सॉफ्टवेअर नव्यावर उघडत नाही. विंडोज ७ चा सुरक्षा-आधार जानेवारी २०२० मध्ये थांबला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पंधरा-वीस वर्षे चालणारे यंत्र त्यासाठी मोडीत काढणे परवडत नाही. अशा संगणकाला इंटरनेट व कार्यालयीन नेटवर्कपासून तोडणे, त्यावर बाहेरचे पेनड्राइव्ह बंद करणे आणि त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवणे, हा उपाय स्वस्त आहे. नवे यंत्र घेताना मात्र सॉफ्टवेअरचा आधार किती वर्षे मिळेल, हे खरेदी-आदेशातच लिहून घ्यावे लागते.